निगेटिव्ह एका पाकिटात, नोंदी दुसऱ्यात

छायाचित्रकार परिषदेच्या अध्यक्षीय भाषणाचे एक कर्तव्य व्यवसायाच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा घेण्याचे. मिररलेस कॅमेऱ्यांचा प्रसार, लग्नाच्या ऑर्डरींचे घसरते दर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने उभे केलेले पेच या तिन्हींवर चर्चासत्रांत अधिकारी व्यक्ती बोलणार असल्यामुळे तो भाग त्यांच्यावर सोपवणे रास्त ठरेल. या व्यासपीठावर आजवर न मांडला गेलेला प्रश्न निराळा आहे: रॉ फाइल आणि तिच्यावर केलेले संस्कार एकमेकांपासून दूर का ठेवले जातात, आणि छायाचित्रकारांनी त्याला इतक्या निमूटपणे मान्यता का दिली?

रॉ फाइल म्हणजे चित्र नव्हे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेल्या प्रकाशाच्या मोजमापांची ती वही होय. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांनी योजलेली तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बहुतेक संवेदकांवर बसवलेली असते, त्यामुळे प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची नोंद होते आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरावे लागतात. उजेड किती उचलायचा, त्वचेचा रंग किती उबदार ठेवायचा, कोणता कोपरा दाबायचा, हे सारे छायाचित्रकार नंतर ठरवतो. आणि हे निर्णय मूळ मोजमापांना हात न लावता सूचनांच्या रूपाने वेगळे लिहिले जातात. पाऊणशे मेगाबाइटच्या फाइलवरील आठवड्याभराची मेहनत अशा रीतीने काही किलोबाइटांत मावते, आणि जे इतके लहान असते ते हरवतेही तितक्याच सहज.

या सूचना ठेवण्याच्या तीन जागा प्रचलित आहेत. पहिली कॅटलॉग, म्हणजे लाइटरूमसारख्या प्रणालीचा स्वतःचा माहितीसाठा, ज्यात हजारो चित्रांच्या सूचना एकत्र राहतात. दुसरी साइडकार, म्हणजे रॉ फाइलच्या शेजारी त्याच नावाने ठेवलेली छोटी फाइल. अडोबीने २००१ मध्ये आणलेल्या एक्सएमपी पद्धतीची साइडकार सर्वांच्या परिचयाची आहे. तिसरी जागा खुद्द चित्राच्या पोटात. अडोबीने २००४ मध्ये जाहीर केलेल्या डीएनजी या खुल्या स्वरूपात सूचना फाइलमध्येच लिहिता येतात, तर कॅप्चर वन या दुसऱ्या प्रणालीच्या ईआयपी या स्वरूपात रॉ फाइल, सूचना आणि रंगांचे प्रोफाइल एका गाठोड्यात बांधले जातात. हे गाठोडे आतून साधी झिप फाइल असते, याची कल्पना ते रोज वापरणाऱ्या अनेकांनाही नसते.

साइडकार हे नाव मात्र कोणा जाणत्याने ठेवले असावे. स्कूटरला जोडलेली साइडकार ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, तिचा भरवसा दोन-तीन नटबोल्टांवर असतो. संगणकावरील साइडकारला तर तेवढेही नटबोल्ट नाहीत. मूळ फाइलशी तिचे नाते केवळ नावाचे, आणि कॅमेरा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येत असल्यामुळे ते नावही एकाचेच राहत नाही. प्रस्तुत वक्त्याच्या स्टुडिओत दोन कार्डांवरच्या फाइली एका फोल्डरमध्ये आल्या, एका सहायकाने रॉ फाइलींची नावे बदलली, साइडकारांची बदलली नाहीत, आणि मांडवातल्या पिवळ्या दिव्यांसाठी केलेली रंगदुरुस्ती सकाळच्या उन्हात घेतलेल्या मुंजीच्या चित्रांवर जाऊन बसली. बटूसह सारे कुटुंब निळे दिसू लागले. हसण्यासारखा प्रकार होता आणि निस्तरलाही गेला.

दुसरा प्रकार निस्तरला गेला नाही. एका वृद्ध कीर्तनकारांचे व्यक्तिचित्र, ज्यावर तीन संध्याकाळी खर्ची पडल्या होत्या, जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नेताना फक्त रॉ फाइली निवडून नेल्या गेल्या आणि जुनी डिस्क पुसण्यात आली. सहा वर्षांनी त्यांच्या निधनानंतर कुटुंबीयांनी मोठी प्रिंट मागितली, तेव्हा मोजमापे शाबूत होती, चित्र नव्हते. तेच हात, तीच प्रणाली, तोच पडदा असूनही कपाळावरचा उजेड पुन्हा तसा उतरला नाही. कुटुंबीयांनी नवी प्रिंट स्वीकारली, पण घरातली जुनी छोटी प्रत शेजारी धरून पाहिली आणि काही बोलले नाहीत.

मग सारे एका गाठोड्यातच का बांधू नये? साइडकारचे समर्थक म्हणतात की, सूचना फाइलच्या पोटात लिहिल्या तर एक कळ दाबताच संपूर्ण फाइल बदलते, रात्रीचा बॅकअप फुगतो आणि लिहिताना वीज गेली तर मूळच बिघडते. आक्षेप खोटा नाही. परंतु चार दशकांच्या व्यवसायात बॅकअप मोठा झाला म्हणून कोणाचे काम बुडाल्याचे प्रस्तुत वक्त्याच्या पाहण्यात नाही, आणि मुळाची भीती असणाऱ्याने कार्डावरून उतरवलेली पहिली प्रत अस्पर्श ठेवून गाठोडे दुसऱ्या प्रतीचे बांधावे. डिस्क स्वस्त आहेत, संध्याकाळी नाहीत.

गाठोड्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही फार ताठ राहू नये. निकॉनच्या कॅप्चर एनएक्समध्ये सूचना एनईएफ या रॉ फाइलच्या आतच लिहिल्या जात. २०१४ मध्ये तिच्या जागी आलेल्या प्रणालीने साइडकारची वाट धरली, आणि जुन्या प्रणालीत रंगबिंदू ठेवून केलेले काम नव्या प्रणालीला वाचता येईना. त्याच वर्षी ॲपलने ॲपर्चर या आपल्या प्रणालीचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. सूचना जवळ असून उपयोग नाही, त्या समजणारा जिवंत असावा लागतो. लाइटरूमने २०१२ मध्ये आपले गणित बदलले तेव्हा ‘फिल लाइट’ व ‘रिकव्हरी’ हे सरकपट्टे गेले आणि जुन्या चित्रांसाठी जुने गणित जपून ठेवावे लागले. कारण ‘अधिक वीस’ या आकड्याला गणिताबाहेर अर्थ नाही. म्हणून गाठोड्यात आणखी एक वस्तू हवी: छायाचित्रकाराने मान्य केलेले, पूर्ण आकाराचे तयार चित्र, जेणेकरून उद्याच्या कारागिराला निदान कोठे पोहोचायचे ते दिसेल.

अंधारखोलीत हे कोणाला शिकवावे लागत नव्हते. बटर पेपरच्या पाकिटावर पेन्सिलीने एक्स्पोजरचे सेकंद लिहिलेले असत, कोठे झाकायचे आणि कोठे जास्त उजेड द्यायचा त्याचे रेखाटन असे, आणि पसंत पडलेली छोटी प्रिंट त्याच पाकिटात सरकवलेली असे. छायाचित्रकार अन्सेल ॲडम्स यांनी १९४१ मध्ये घेतलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’च्या प्रिंटा पुढे कित्येक वर्षे काढल्या आणि आकाश उत्तरोत्तर काळे होत गेले, निगेटिव्ह एकच होती, आणि तरीही कोणती प्रिंट कोणत्या काळातली हे जाणकाराला ओळखता येते. केवळ निगेटिव्ह उरली असती तर यातले काय उरले असते?

राहिला कार्याचा प्रश्न. ग्राहकाला, वारसाला किंवा संग्रहालयाला काम सोपवताना गाठोडे कसे बांधावे याचा एक मसुदा परिषदेने तयार करावा, खुल्या स्वरूपांसाठी कॅमेरा कंपन्यांकडे पाठपुरावा करावा, आणि जमल्यास जिल्हा शाखांनी कार्यशाळा घ्याव्यात. तपशील यथावकाश ठरेल. तूर्त एवढेच की, परिषदेच्या वार्षिक स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेत रॉ फाइल जोडण्यासाठी रकाना आहे, कारण परीक्षकांना लबाडी पकडायची असते. कारागिरीची नोंद जोडण्यासाठी मात्र रकाना नाही. तो पुढील वर्षीपासून असावा असा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाईल, आणि त्याला काय नाव द्यावे यावर भोजनाच्या वेळी सूचना स्वीकारल्या जातील.