जखमी हातावरील सट्टा

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. त्यातील एखाद्या तरुण खेळाडूचा हात जायबंदी झाला असता त्याची चित्रकार्डे विकत घेऊन ठेवावीत की नाहीत, हा प्रश्न तिथल्याही हौशी मंडळींचाच. परंतु अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत भांडवल, जोखीम आणि टंचाई यांची जी प्रकरणे असतात, ती सारी या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर वाचता येतात. शिवाय हा प्रश्न विचारणारे बहुसंख्य लोक लक्षाधीश नसतात. महिन्याच्या पगारातून शे-दोनशे डॉलर बाजूला टाकणारे ते नोकरदार असतात. त्यांना सरळ उत्तर मिळाले पाहिजे.

ही कार्डे म्हणजे काय? एका बाजूस खेळाडूचे चित्र आणि पाठीमागे त्याच्या कामगिरीचे आकडे असा पत्त्याएवढा पुठ्ठा. आरंभी तो सिगारेटच्या पाकिटांतून येई, पुढे च्युइंग गमच्या पुडीतून येऊ लागला. आपल्याकडील मुलांनीही गमच्या पुडीतील क्रिकेटपटूंची चित्रे जमविली आहेत. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या मालिकेतील होनस वॅग्नरचे एक कार्ड २०२२ साली ७२ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्याच वर्षी टॉप्स कंपनीचे १९५२ सालचे मिकी मँटलचे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरांना विकले गेले. असे आकडे वर्तमानपत्रांत आले की प्रत्येकाला आपल्या माळ्यावरची जुनी पेटी आठवते.

मात्र १९५२च्या त्या मालिकेची एक कथा आहे. तिच्यातील न खपलेला माल पुढे कंपनीने बोटीत भरून समुद्रात बुडविला, असे ती मालिका घडविणारे साय बर्जर स्वतः सांगत असत. उरलेली कार्डे मुलांनी खेळून फाडली, आयांनी रद्दीत घातली. ती मौल्यवान झाली याचे कारण ती मौल्यवान होतील असे कोणालाही वाटले नव्हते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नेमके उलटे घडले. जुन्या कार्डांचे भाव पाहून लोकांनी नवी कार्डे पेट्यापेट्यांनी घेतली, पाकिटेही न फोडता जपून ठेवली. १९८१पासून टॉप्सला प्रतिस्पर्धी कंपन्या मिळाल्या होत्याच. सर्वांनी मागणीनुसार छापखाने चालू ठेवले. त्या काळातील बहुतेक कार्डांना आज ठेवण्याच्या जागेचे भाडे सुटेल इतकीही किंमत नाही. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाज धावत येतो, हात सरळ ठेवतो. पिचर उभ्या जागेवरून कोपर वाकवून फेकतो. प्रत्येक फेकीचा ताण कोपराच्या आतील बाजूच्या एका अस्थिबंधावर येतो आणि तो एक दिवस फाटतो. १९७४पर्यंत हे दुखणे म्हणजे कारकिर्दीचा अंत असे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातील स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसविला. १९७५चे वर्ष त्याने विश्रांतीत काढले, १९७६मध्ये तो परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. जखमी पिचरची कार्डे घेणारा मनुष्य कळत-नकळत टॉमी जॉनच्या कोपरावर विसंबून असतो.

या प्रश्नाचे स्वच्छ उदाहरण म्हणजे स्टीफन स्ट्रासबर्ग. २००९ साली वॉशिंग्टन नॅशनल्स या संघाने त्याला सर्वप्रथम निवडले आणि दीड कोटी डॉलरांहून मोठा करार केला. २०१०च्या मे महिन्यात, म्हणजे त्याने पहिला मोठा सामना खेळण्यापूर्वीच, एकच प्रत छापलेले त्याचे एक बाउमन कार्ड १६ हजार डॉलरांहून अधिक भावाने विकले गेले. ८ जूनला तो मैदानात उतरला आणि त्याने पिट्सबर्गचे १४ फलंदाज ‘स्ट्राइक आउट’ केले. कार्डांचा बाजार अक्षरशः पेटला. २१ ऑगस्टला फिलाडेल्फिया येथे फेक करताना त्याचा हात दुखावला आणि ३ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. त्याचे वय होते २२ वर्षे.

भाव घसरले. तेव्हा पुष्कळांनी असा हिशेब मांडला : ही शस्त्रक्रिया आता नित्याची झाली आहे, बहुतेक खेळाडू परततात, हाही परतेल, म्हणून आज स्वस्तात घ्यावे आणि वर्षभराने विकावे. वैद्यकीय दृष्टीने हा हिशेब बरोबर ठरला. ६ सप्टेंबर २०११ रोजी स्ट्रासबर्ग परतला. २०१२मध्ये १५९ डाव टाकल्यावर संघाने हात जपण्यासाठी त्याला सप्टेंबरात थांबविले आणि त्याच्यावाचून नॅशनल्स बादफेरीत हरले. त्या निर्णयावर आजही वाद होतात. २०१९मध्ये वॉशिंग्टनने वर्ल्ड सिरीज जिंकली, तीतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला आणि डिसेंबरात सात वर्षांचा २४ कोटी ५० लाख डॉलरांचा करारही. आशा याहून अधिक फलद्रूप ती कशी व्हायची? तरीही त्याच्या सर्वसाधारण कार्डांना २०१०च्या जूनमधला भाव पुन्हा दिसला नाही.

कारण जूनमधला भाव चांगल्या पिचरचा नव्हता, दंतकथेचा होता. एकवीस वर्षांचा मुलगा पुढील वीस वर्षे तसाच फेकत राहील, हे त्या भावात धरलेले होते. सप्टेंबरात भाव उतरला तो आशा मावळल्यामुळे नव्हे. उरलेल्या आशेची किंमत करूनच तो ठरला होता. शस्त्रक्रिया सहसा यशस्वी होते ही माहिती घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही होती. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर कोणालाच वेगळा नफा मिळत नाही, हे बाजाराचे साधे गणित उत्साहाच्या भरात विसरले जाते. त्यात आणखी भर पुरवठ्याची. खेळाडू एकच असतो, पण कंपनी त्याची कार्डे दरवर्षी नव्या मालिकांत, निळ्या, सोनेरी, लाल कडांनी छापू शकते. ‘एकच प्रत’ असे ज्यावर लिहिलेले असते त्याची टंचाई निसर्गाने किंवा काळाने निर्माण केलेली नसते. छापखान्याच्या चालकाने यंत्र थांबविले म्हणून ती असते, आणि पुढल्या वर्षी तोच दुसरी ‘एकच प्रत’ काढतो.

खर्चाचा हिशेब तर कोणी धरतच नाही. कार्डाची प्रत ठरविणाऱ्या कंपनीचे शुल्क, लिलावाची दलाली, टपाल, आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे बुडालेले व्याज. शेकडा ५ दराने चक्रवाढीवर ठेवलेली रक्कम सुमारे १४ वर्षांत दुप्पट होते. २०१० ते २०२४ हीच चौदा वर्षे. २०२४च्या एप्रिलमध्ये स्ट्रासबर्ग अधिकृतपणे निवृत्त झाला. त्या प्रचंड करारानंतर प्रथम हाताच्या नसांचे आणि मग छातीजवळील नसांचे दुखणे जडले. २०२० ते २०२२ या तीन हंगामांत मिळून तो अवघ्या ८ सामन्यांत फेकू शकला.

यावर शोहेई ओहतानीचे नाव पुढे केले जाते. त्याच्या कोपरावर २०१८ आणि २०२३ अशा दोनदा शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्याच्या कार्डांचे भाव चढतच गेले. परंतु ओहतानी फलंदाजही आहे, आणि तोही असामान्य. हात बांधलेला असतानाही त्याची बॅट चालू होती. निव्वळ पिचरला ती सोय नाही. पॉल स्कीन्स या पिचरचे एक कार्ड २०२५मध्ये ११ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले, हेही खरे. पण लाभ झाला तो पाकीट फोडणाऱ्या ११ वर्षांच्या मुलाला. त्याने गुंतवणूक केली नव्हती. त्याला कार्डे आवडत होती.

केन्सने १९३६ सालच्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराची तुलना वर्तमानपत्रातील सौंदर्यस्पर्धेशी केली आहे. छापलेल्या चेहऱ्यांतून सर्वांत सुंदर कोणता हे तिथे सांगायचे नसते. इतरांना कोणता सुंदर वाटेल याविषयी इतर काय समजतील, ते ओळखायचे असते. कार्डांच्या बाजारात चेहरे खरोखरच छापलेले असतात, इतकाच फरक. मुंबईत १९६०च्या सुमारापर्यंत न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि मिटत्या भावांवर आकडा लावला जाई. आकडा लावणाऱ्याला कापसाच्या बोंडाशी कर्तव्य नसे. इथे बोंडाच्या जागी माणसाचे कोपर आहे.

आणि या कोपराचा मालक कोठे आहे? कार्ड दहा वेळा हातोहात विकले गेले तरी त्या फेरविक्रीतून खेळाडूला छदामही मिळत नाही. पहिल्या विक्रीतून जे मिळते तेही कोणी आपण होऊन दिलेले नाही. १९६०च्या दशकात टॉप्स कंपनी नवख्या खेळाडूची सही ५ डॉलर देऊन घेई आणि मोठ्या संघात गेल्यावर त्याला वर्षाला १२५ डॉलर देई. १९६६मध्ये खेळाडूंच्या संघटनेची सूत्रे मार्व्हिन मिलर यांच्याकडे आली. पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून घडलेला हा मनुष्य. कंपनी बोलणी करीना, तेव्हा खेळाडूंनी नव्या छायाचित्रांसाठी उभे राहण्याचेच नाकारले. १९६८च्या करारात १२५चे २५० डॉलर झाले. शिवाय विक्रीच्या पहिल्या ४० लाख डॉलरांवर ८ टक्के आणि त्यावरील विक्रीवर १० टक्के हिस्सा मान्य झाला. पुढे परवान्याच्या याच उत्पन्नातून संघटनेने संपाचा निधी उभारला आणि १९९४-९५चा २३२ दिवसांचा संप त्या बळावर निभावला. ज्या पुठ्ठ्यावर बाहेरचे लोक सट्टा खेळत होते, त्याच पुठ्ठ्याच्या पैशावर खेळाडूंची घरे संपाच्या काळात तगून होती.

तेव्हा उत्तर असे : मुलाच्या शिक्षणाचे किंवा म्हातारपणाचे पैसे जखमी पिचरच्या कार्डांत घालू नयेत. दिवसरात्र या व्यापारात बसलेले काही लोक घसरणीला घेऊन पुनरागमनाच्या दिवशी विकतात आणि पैसे मिळवतात. पण त्या दिवशी विकत घेणारा बहुधा हा नोकरदारच असतो. ज्याला त्या खेळाडूचा खेळ मनापासून आवडतो, त्याने भाव उतरला असताना एक साधे कार्ड घ्यावे, पाहावे, मुलांना दाखवावे. गेलेले पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे खर्ची टाकावेत.

एक गोष्ट जाता जाता सांगण्याजोगी. कोपरे अधिक फाटू लागली आहेत, आणि त्यामागे वेगाचा हव्यास आहे, असे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या चालकांनीच २०२४च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले आहे. सरळ वेगवान चेंडूची सरासरी गती २००८मध्ये ताशी ९१.३ मैल होती, ती २०२४मध्ये ९४.२ मैलांवर गेली. वरच्या संघात जागा हवी असेल तर खालच्या स्तरावरील मुलाला संपूर्ण ताकदीने फेकावेच लागते. या खालच्या स्तरावरील खेळाडूंना केंद्रीय किमान वेतनाच्या संरक्षणातून वगळणारी तरतूद २०१८मध्ये अमेरिकी काँग्रेसने केली होती. २०२२मध्ये ते संघटित झाले आणि २०२३मध्ये त्यांचा पहिला सामुदायिक करार झाला. त्याने सर्वांत वरच्या पायरीचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरांवरून ३५,८०० डॉलरांवर नेले. स्ट्रासबर्गचे १६ हजारांचे कार्ड ज्या बाउमन मालिकेतले होते, तिच्या पाकिटांत ज्या होतकरू मुलांची चित्रे निघतात, ती बहुतेक याच पायऱ्यांवर खेळत असतात.