कळेला आवाज किती असावा

मंडळी, मी कळफलकावर बोलणार आहे असं कळवलं तेव्हा आपल्यातल्याच एका ज्येष्ठांनी फोन करून विचारलं, "म्हणजे हार्मोनियमवर का?" नाही, संगणकाच्या कळफलकावर. त्यातही फार थोड्या गोष्टीवर: कळ दाबली की बोटाला काय लागतं आणि कानावर काय येतं. साहित्याच्या व्याख्यानमालेत हे कशाला, असं वाटत असेल तर थोडा धीर धरा.

सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, ही आपल्याकडची जुनी जोडी आहे. आम्हा जैनांत तीर्थंकर सांगतात आणि गणधर ते सूत्रात बांधतात. ज्ञानेश्वरांनी सांगितलेलं सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या, म्हणून लीळाचरित्रातली मराठी अजून बोलल्यासारखी वाटते. लिहून घेणाऱ्याचं साधनच बोलणाऱ्याच्या आड येऊ लागलं तर काय करायचं, हा माझा विषय आहे. माझ्या दवाखान्यात तो रोज टेबलापलीकडे बसलेला असतो.

मी होमिओपॅथ. हानेमान यांच्या 'ऑर्गेनन' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० सालची. रुग्णाची हकिगत कशी घ्यावी यावर त्यात सलग कलमं आहेत. ८४ वं कलम सांगतं की डॉक्टरने आपण गप्प राहावं, रुग्ण भलतीकडे वाहवत नसेल तर त्याला मध्ये तोडू नये, आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवावं. ८५ वं सांगतं की प्रत्येक नवी गोष्ट नव्या ओळीवर घ्यावी, म्हणजे मागाहून भर घालायला जागा राहते. आमच्या औषधांविषयी तुमचं मत काहीही असो, कलमं चांगली आहेत. मुलाखती घेणाऱ्यांनी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी उतरवून घेणाऱ्यांनीही ती वाचावीत.

नुसतं 'दुखतं' आम्हाला पुरत नाही. ठणकतं की सलतं? चमकतं की ठुसठुसतं? टोचतं की भगभगतं? मराठीइतकी दुखण्याची बारीक मोजमापं मला दुसऱ्या भाषेत सापडली नाहीत. कन्नड मी रोज बोलतो, तरी हे म्हणतो. आणि गंमत पाहा, पोटात येते ती कळ आणि बोटाने दाबतो तीही कळच. जोयडा तालुक्यात तर समोरचा माणूस मराठीत सुरू करतो, मध्येच कोकणीत शिरतो आणि शेवट कन्नडात करतो. त्यातला एखादा शब्द असा येतो की तो तसाच्या तसा उतरला नाही तर हकिगतच वाया. असा शब्द माणूस एकदाच बोलतो. "काय म्हणालात?" असं विचारलं की तो सावध होतो आणि पुस्तकी शब्द देतो. बोलून लिहून घेणारी मोबाइलची सोयही बऱ्याचदा हेच करते: बोलीतला शब्द ऐकते आणि आपल्या ओळखीचा शब्द उमटवते.

म्हणून मी टंकलेखन करतो, तेही समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. इथे कळेच्या जातीचा प्रश्न येतो.

साध्या, स्वस्त कळफलकात कळांच्या खाली रबराच्या घुमट्या असतात. घुमटी पार चेपून तळाला टेकली की मगच अक्षर उमटतं. बोटाला लागतं ते ओल्या स्पंजासारखं. अक्षर घेतलं गेलं की नाही हे नीट कळत नाही, मग डोळा पडद्याकडे धावतो. मोबाइलच्या काचेवर तर तेवढंही नाही, काच बोटाला काहीच उत्तर देत नाही. काचेवर लिहिणारा माणूस काचेकडेच बघतो, आणि बोलणाऱ्या माणसाला ते लगेच समजतं.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक कळेखाली तिची स्वतंत्र यंत्रणा असते: एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या. आज सर्रास दिसणारी घडण चेरी या कंपनीच्या एमएक्स मालिकेची, १९८० च्या दशकातली. त्या पेटंटची मुदत संपल्यावर कैल, गेटरॉन अशा चिनी कंपन्या तशाच कळा करू लागल्या. दांड्याच्या रंगावरून जात ओळखतात. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरच्या आसपासच नोंदलं जातं. तळ गाठायची गरजच नाही. सगळी खुबी या मधल्या जागेत आहे.

लाल कळ सरळ खाली जाते, वाटेत काहीच लागत नाही. लोण्यात बोट घातल्यासारखं. तपकिरी कळेत नोंद होण्याच्या जागी एक लहानसा उंचवटा लागतो, बैलगाडी छोट्या दगडावरून जावी तसा, आवाज मात्र नाही. निळ्या कळेत उंचवटाही आहे आणि आवाजही. तिच्या दांड्याला एक सुटा प्लास्टिकचा तुकडा असतो. तो अडतो आणि सुटल्यावर खाली आपटतो, त्याचा 'टिक' होतो. आयबीएमचा १९८५ चा मॉडेल एम ज्यांनी वापरला असेल त्यांना याहून खणखणीत आवाज आठवेल. तिथे स्प्रिंगच वाकून मोडल्यासारखी होते आणि कळ बोलते.

लागणारा जोरही मोजलेला आहे. चेरीच्या लाल कळेला सुमारे ४५ ग्रॅमचा भार, तपकिरीच्या उंचवट्याला ५५ आणि निळीच्या उंचवट्याला ६०. हे घरी ताडून पाहता येतं. दोन धातूंचं १० रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. कळेवर ही नाणी हाताने सांभाळत एकावर एक रचत जा: लालला अंदाजे सहा, तपकिरीला सात, निळीला आठ. दोन नाण्यांचा फरक म्हणजे काय, असं तरुण माणूस म्हणेल. बोटांचे सांधे सकाळी आखडलेले असतात त्या वयात दिवसाला काही हजार वेळा ती दोन नाणी उचलायची, तेव्हा फरक कळतो.

मराठीत कळा जास्तच दाबाव्या लागतात. इनस्क्रिप्ट पद्धतीत 'स्त्री' लिहायला स, हलंत, त, हलंत, र, दुसरी वेलांटी असे सहा ठोके पडतात. त्या पद्धतीत स्वर आणि हलंत डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. त्यामुळे हे सहा ठोके उजवा-डावा, उजवा-डावा असे अदलून-बदलून येतात. हात बसला की त्याला ठेका येतो. रेमिंग्टन पद्धतीने टंकलेखन शिकलेल्यांना 'स्त्री' तीन ठोक्यांत मिळते: अर्धा स, त्र आणि वेलांटी. दोन्ही बाजूंचे लोक आपलंच खरं म्हणतात. मी त्या भांडणात पडत नाही.

टंकलेखन यंत्राचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांचे कान तिथेच तयार झाले आहेत. गोदरेजने आपल्या देशातलं यंत्र १९५५ साली आणलं. त्याच वर्षी आपल्या शेजारी दांडेलीला वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी उभी राहिली. यंत्र तिकडे, कागद इकडे. गोदरेजने २००९ साली यंत्रं करणं थांबवलं आणि महाराष्ट्रात हातयंत्रावरची शेवटची सरकारी परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली. त्या यंत्रात आवाज हा कामाचाच भाग होता: खिळा कागदावर आपटायचा, कॅरेज एक घर सरकायची, ओळ संपत आली की घंटी वाजायची. देवनागरी यंत्रात आणखी एक गोष्ट होती. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तर ठोका पडायचा, पण कॅरेज सरकायची नाही. म्हणजे अक्षर कोणतं आणि त्यावरचं चिन्ह कोणतं हे डोळे मिटूनही कळायचं: 'खट-सरक', 'खट-सरक', मध्येच नुसतं 'खट'. आजच्या सगळ्या कळा सारख्याच वाजतात. 'क' आणि त्याचा उकार यांत कानाला काही फरक नाही. एवढं महाग सामान निघतं, पण हे मात्र कोणी परत आणलेलं मला दिसलं नाही.

ज्यांना त्या खटखटीची सवय आहे त्यांना निळी कळ आवडते, आणि त्यात गैर काही नाही. आपल्याकडच्या कार्यालयांत टीव्हीएस गोल्ड हा कळफलक वर्षानुवर्षं वाजत आला आहे तो याच टकटकीसाठी ओळखला जातो. आरक्षणाच्या खिडकीवर किंवा बँकेत रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही त्या आवाजाचा दिलासा असतो: आत कोणीतरी काम करतंय, आपली पाळी सरकतेय. एकट्याने लेख लिहीत बसलेल्यालाही तो सोबत करतो.

पण दवाखान्यात रांग नसते, समोर एकच माणूस असतो. मी तिन्ही जाती काही काही महिने वापरून पाहिल्या आहेत. निळ्या कळांच्या दिवसांत एक कुणबी आजी आल्या होत्या. बोलता बोलता थांबल्या. मी मान वर केली तर म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं आधी होऊ दे, मग सांगते." त्यांच्या दृष्टीने मी बोलत होतो. टकटक चालू असताना आपण मध्ये बोलणं त्यांना बरं वाटेना. नंतर मी लक्ष देऊन पाहिलं. म्हातारी माणसं आवाज संपायची वाट बघतात. तरुण माणसं उलट करतात: कोणत्या वाक्याला जास्त टकटक झाली ते ऐकतात आणि तीच गोष्ट वाढवून सांगू लागतात. दोन्हींत ८४ वं कलम मोडतं, मी तोंडातून एक शब्दही न काढता.

लाल कळेने आवाज कमी झाला, पण तिची एक खोड आहे. नोंद कुठे झाली हे बोटाला सांगणारं वाटेत काही नसल्यामुळे बोट तळापर्यंत जातं आणि तळाशी आपटून 'ठक' होतं. शिवाय बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. 'क'च्या जागी 'कक' मिळतो. तपकिरी कळ माझ्या कामाला आली. ती बोटाला हळूच सांगते की झालं आणि खोलीला काही सांगत नाही. बोटाला भरवसा आला की डोळे मोकळे होतात, आणि ते मी समोरच्या चेहऱ्यावर ठेवू शकतो. जाणकार लोक तपकिरी कळेला ना धड इकडची ना तिकडची म्हणून नाक मुरडतात. ते एकट्याने बसून लिहिणारे असावेत.

आवाज कळेइतकाच कळेखालच्या वस्तूंचाही असतो. आमच्या सागवानी टेबलावर कोणताही कळफलक ढोलकीसारखा घुमतो. खाली चार घड्यांचा पंचा घातला की निम्मं काम होतं. सर्वात जास्त बोलते ती जागा सोडायची लांब पट्टी, कारण तिच्या टोकांना तोलून धरणाऱ्या तारा खुळखुळतात. त्या तारांना घट्ट ग्रीसचं बोट लावावं. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असतो तेव्हा हे सगळं व्यर्थ आहे. तेव्हा निळी, लाल काहीही चालेल, कारण रुग्णालाच ओरडून बोलावं लागतं. खरी परीक्षा मार्गशीर्षात, संध्याकाळी, पंखाही बंद असतो तेव्हा.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी सुप्याच्या आठवणी असलेली माणसं आहेत. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं ते गाव आजूबाजूच्या गावांतून विखुरलं. ती माणसं बोलतील तेव्हा लिहून घ्यायला बसणार असाल तर कळफलक आधी बोटांनी निवडा. बेळगाव-हुबळीच्या मोठ्या दुकानात उघडा ठेवलेला नमुना मागून घ्या, डोळे मिटून 'स्त्री' दहा वेळा लिहा, आणि बरोबरच्या माणसाला टेबलापलीकडे बसवून आवाज कसा वाटतो ते त्याला विचारा. देवनागरी अक्षरं छापलेला कळफलक मिळाला नाही म्हणून अडू नका. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर एकेक बारीक रेघ उठवलेली असते. तिथे दोन्ही तर्जन्या टेकल्या की इनस्क्रिप्ट असो वा रेमिंग्टन, डाव्या बोटाखाली पहिली वेलांटी असते आणि उजव्या बोटाखाली र.