वाळवीचे घर आणि वाळवीची चाल

वाळवी म्हटली की पोखरलेली चौकट आठवते. वाळवी चालते कशी, हे मात्र आपण क्वचितच पाहतो. घर कुठे आणि जेवण कुठे, यावर तिची चाल ठरते.

जुन्या कपाटाखाली कधी खसखशीएवढे कण पडलेले दिसतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक कणाला सहा बाजू असतात. ही कोरड्या लाकडातल्या वाळवीची विष्ठा. जे लाकूड तिचे घर, तेच तिचे अन्न. सगळी वसाहत त्या एका तुकड्यात नांदते, म्हणून तिचे फिरणे आतल्या पोकळ्यांपुरतेच. तिथे कायमचे कामकरीही नसतात. कामे वाढत्या वयाची पिल्ले करतात आणि त्यांतल्याच काहींना पुढे पंख फुटतात.

बांधावर वारूळ उभारणाऱ्या ओडोंटोटर्मिस वाळवीचे तसे नाही. घर मातीत आणि अन्न लांबच्या काडीकचऱ्यात, झाडांच्या सालीत. रोज जायचे आणि परत यायचे! त्यात कामकरी वाळवी आंधळी. तिच्या पोटाच्या खालच्या अंगाला एक ग्रंथी असते. तिचा स्राव जमिनीला लावत ती पुढे जाते आणि मागच्या त्या वासावर चालतात. ऊन-वारा आणि मुंग्या यांपासून मऊ अंग जपायला ही वाट मातीत लाळ कालवून झाकली जाते.

वासावर हा भरवसा इतका, की काही जातींची वाळवी बॉलपेनने ओढलेल्या रेषेवरूनही मुकाट चालते. काही शाईंमधले फिनॉक्सिइथेनॉल तिला वाटेच्या वासासारखेच भासते.

आफ्रिकेतली होडोटर्मिस वाळवीही जमिनीतच राहते, पण गवत तोडायला भरदिवसा उघड्यावर येते. तिच्या कामकऱ्यांना डोळे आहेत आणि अंगाचा रंगही गडद आहे.

तेव्हा घरात वाळवी लागली, तर औषध आणण्याआधी खूण पाहा. नुसते कण पडत असतील, तर इलाज त्या लाकडावर करायचा. भिंतीवर मातीची नळी चढली असेल, तर ती खरवडून भागत नाही. वाळवी ती पुन्हा बांधते. चौकटीत ती फक्त जेवायला येते, राहते जमिनीत. तिथे इलाज घराच्या पायाशी, मातीतच करावा लागतो.