समुद्राच्या पोटात

दिल्लीकराला समुद्र परका वाटला तर नवल नाही. कोणताही किनारा तेथून शेकडो मैल दूर आहे. तरीही या नगरीचा समुद्राशी एक अदृश्य व्यवहार चालू असतो. बदरपूरच्या वीजकेंद्रात 1973 पासून 2018 पर्यंत दगडी कोळसा जळत होता. त्याची राख जवळपास साचली. परंतु कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरला. मनुष्य दरवर्षी हवेत सोडतो त्यापैकी सुमारे चौथा हिस्सा कर्बवायू समुद्र पोटात घालतो.

तो तेथे टिकतो कसा? सोडावॉटरच्या बाटलीत कोंडलेला वायू, बाटली उघडताच फसफसून निघून जातो. समुद्राची रीत निराळी आहे. पाण्यात शिरलेल्या वायूचे प्रथम सौम्य आम्ल बनते. मग पाण्यातील कार्बोनेटशी संयोग होऊन त्याचे बायकार्बोनेट होते. स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्यात असते तेच हे बायकार्बोनेट. समुद्रात विरघळलेल्या अकार्बनी कर्बापैकी सुमारे 90 टक्के या रूपात असतो, मोकळा वायू जेमतेम एक टक्का. म्हणूनच हवेतल्या कर्बाच्या सुमारे चाळीस पट कर्ब समुद्रात सामावला आहे.

परंतु या व्यवहारात कार्बोनेट खर्ची पडते. खडक झिजून नद्यांवाटे त्याची भरपाई व्हावयास हजारो वर्षे लागतात. रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस या शास्त्रज्ञांनी 1957 साली दाखवून दिले की, हवेतील कर्बवायू दहा टक्क्यांनी वाढला, तर समुद्राच्या वरच्या थरातील एकूण कर्ब सुमारे एकाच टक्क्याने वाढतो. शिवाय पाण्याची आम्लता वाढते, आणि शिंपले व प्रवाळ ज्या कार्बोनेटपासून आपले कवच घडवितात तेच त्यांना कमी पडू लागते.

दिल्लीला सर्वांत जवळचा समुद्र अरबी समुद्र. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना 1990 नंतरच्या मोहिमांत असे आढळले की, हा समुद्र एकंदरीत कर्बवायू घेतो त्याहून अधिक हवेला परत देतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी खोलातले, कर्बाने भरलेले पाणी वर येते, आणि तेथे ऊब मिळताच वायू सुटतो.

दिल्लीच्या धुराचा वाटा उचलणारे पाणी असे दूरच्या महासागरांतले आहे. त्यांचे पोट मोठे खरे. परंतु ते भरत चालले आहे. ज्या चुलीतून धूर निघतो, तेथेच तो आवरणे शहाणपणाचे.