‘एक्स्ट्रा’ म्हणजे फालतू नव्हे

मी जबलपूरहून बोलतोय. आमच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर उबुंटू लिनक्स. त्यातच बाबांनी आईची गाणी साठवलीत. आई आता नाही. त्या फायलींची दुसरी प्रत नव्हती, हा माझा आळस.

एका रात्री डिस्क भरली. जागा करायला मी मोठमोठी पॅकेजेस शोधली. एकाचं नाव होतं ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’. एक्स्ट्रा म्हणजे जास्तीचं, असं समजून उडवलं. रात्रभर सगळं ठीक. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर वाय-फाय नाही आणि आवाजही नाही. बाबा म्हणाले, “अरे, तुझ्या आईचं गाणं लागत नाहीये.”

दुकानदाराने फोनवर निकाल दिला, “फॉर्मॅट मार दो, भैया.” मी फोन ठेवला.

आता कारण ऐका. कर्नेल म्हणजे सिस्टीमचा गाभा. वाय-फाय, साउंड कार्ड यांना चालवणारे तुकडे वेगळ्या फायलींत असतात, तेच मॉड्यूल. लागेल तेव्हा ते मेमरीत येतात. म्हणून फायली उडवल्या तरी रात्री काही बिघडलं नाही. आधीच आलेले मॉड्यूल चालू होते. बंद करून सुरू केल्यावर मात्र फायलीच सापडेनात.

टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’ दिलं की चालू कर्नेलचा क्रमांक दिसतो. (आदेश टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा.) ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाचं फोल्डर पाहिलं. जुन्या कर्नेलचं भरलेलं, नव्याचं बरंचसं रिकामं!

मग जुन्यातल्या फायली नव्यात टाकू का? नाही. आमच्याकडे नैनपूरला २०१५ पर्यंत छोटी लाइन होती, ७६२ मिलिमीटरची. तिचा डबा १६७६ मिलिमीटरच्या मोठ्या लाइनवर चालेल का? तसंच हे. मॉड्यूल त्याच आवृत्तीचा हवा.

मी काय केलं ते सांगतो. सुरू होताना शिफ्ट दाबून धरलं (काही मशीनवर एस्केप लागतं), ग्रब मेन्यूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नेल निवडला. वाय-फाय आलं! पण दुरुस्तीला हात लावण्याआधी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवली. मग ‘सुडो एपीटी क्लीन’ने जागा केली आणि ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक’ दिलं. ते एक्स्ट्रा पॅकेज काढताना यालाही सोबत घेऊन गेलं होतं. हे नसतं, तर पुढचे कर्नेल आपोआप आलेच नसते. रीस्टार्ट केलं.

बाबांनी गाणं लावलं. मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो, कारण तिथे थांबवेना.

एवढंच लक्षात ठेवा : पॅकेज काढताना ‘हेही काढले जाईल’ अशी यादी दिसते. ती वाचा, मगच ‘हो’ म्हणा. आणि प्रत आजच काढा.