एकाएकीं आलेला बहिरेपणा

रात्रीं स्वस्थ झोंपलेला मनुष्य सकाळीं उठतो, संवयीप्रमाणें फोन डाव्या कानाला लावतो आणि त्याला कांहींच ऐकूं येत नाहीं. तोच फोन उजव्या कानाला लावतांच पलीकडचें बोलणें स्पष्ट येतें. बिघाड यंत्रांत नसून कानांत आहे, हें मग त्याच्या ध्यानांत येतें. घरांतील वडील मंडळी म्हणतात, ‘सर्दीनें दडा बसला असेल.’ कोणी कोमट तेल सोडण्यास सांगतें. अशा उपायांत एखादा आठवडा सहज निघून जातो, आणि नेमका तोच आठवडा मोलाचा असतो.

तीन दिवसांच्या आंत श्रवण निदान ३० डेसिबलनें घटलें आणि दोष अंतःकर्णांत किंवा श्रवणनाडींत आढळला, म्हणजे वैद्य त्यास आकस्मिक बहिरेपणा म्हणतात. तो बहुधा एकाच कानाला येतो. अंतःकर्णाच्या शंखाकृति नळींत ध्वनि टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. त्या मेल्या तर मनुष्यांत पुन्हा उत्पन्न होत नाहींत. नुसत्या दुखावल्या असतील तर सांवरूं शकतात. बहुतेक रुग्णांत मूळ कारण सांपडत नाहीं. म्हणून घरच्यांचा प्रश्न एकच असतो : गेलेलें ऐकणें परत येईल काय?

अमेरिकेंत १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ८८ रुग्णांच्या पाहणींत शेंकडा ६५ जणांचें श्रवण, उपचार कोणताही असो, कामापुरतें सुधारलें. १९८० सालच्या दुसऱ्या प्रयोगांत स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६१ सुधारले, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीं ३२. १९८४ सालीं २२५ रुग्णांचा अभ्यास पुढें आला, आणि सुधारणेचीं पूर्वचिन्हें त्यांत नीट मांडलीं गेलीं.

पहिलें चिन्ह हानीच्या प्रमाणाचें. ऐकणें थोडें घटलेलें असल्यास आशा अधिक. कान पूर्ण बंद झाला असल्यास कमी. दुसरें चक्करेचें. बहिरेपणाबरोबर भोंवळ आली, तर इजा अधिक खोल असण्याचा संभव. तिसरें वयाचें. साठीपलीकडील माणसें आणि पंधरा वर्षांखालील मुलें यांना त्या अभ्यासांत कमी यश आलें. चौथें स्वरांचें. खर्जांतले स्वर गेले असतील तर ते परतण्याची शक्यता अधिक; टिपेचे गेले असतील तर कमी.

पांचवें चिन्ह काळाचें. पहिलीं चार रोग्याच्या हातीं नाहींत. हें मात्र बरेंच आहे. येथें एक सावधगिरी हवी. दुसऱ्याच दिवशीं येणाऱ्या रुग्णांत आपोआप बरे होणारेही असतात. महिन्यानें येणाऱ्यांत बहुधा न सुधारलेलेच उरतात. म्हणून लौकर आलेल्यांच्या यशाचें सगळें श्रेय औषधाला देतां येत नाहीं. तरीही सुधारणा बहुशः पहिल्या दोन आठवड्यांत होते. अमेरिकन कर्णतज्ज्ञांच्या २०१९ सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणें स्टेरॉइड द्यावयाचें तें याच दोन आठवड्यांत. अपुरा गुण आल्यास दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान कानाच्या पडद्यांतून औषध टोंचण्याचा उपाय सुचविला जातो. स्टेरॉइडनें मधुमेह्याची साखर चढते, म्हणून हें औषध परस्पर घेऊं नये.

घरीं एक परीक्षा करतां येते. तोंड मिटून ‘म्’ असा गुणगुणाट करावा. मळानें किंवा सर्दीनें कान बंद असेल, तर आवाज त्याच कानांत मोठा वाटतो. अंतःकर्ण दुखावला असेल, तर तो चांगल्या कानाकडे जातो. शाळेंतील नादकाट्यानें वैद्य पाहतात तें हेंच. मात्र या परीक्षेवर विसंबून राहूं नये. श्रवणमापन करून घ्यावें, आणि नाडीवर गांठ नाहीं ना, हें पाहण्यासाठीं एम. आर. आय. करावें लागतें.

श्रवण परतेलच असें वचन कोणी देऊं शकत नाहीं. न परतल्यास श्रवणयंत्र आहे, आणि चांगल्या कानाच्या बाजूस बसून बोलणारीं घरचीं माणसें आहेत. परंतु आज सकाळीं ज्याचा कान बंद झाला, त्यानें तेलाची बाटली बाजूस ठेवावी आणि संध्याकाळच्या आंत कर्णतज्ज्ञाकडे जावें.