तांदळातल्या अळीने केली मातीची परीक्षा



मागच्या सभेत आमच्या गटात वांग्यांच्या वाडीवरून बरीच बोलाचाली झाली. हिरवीगार रोपे दोन दिवसांत माना टाकत होती. उपटून पाहिले तर मुळे कुरतडलेली आणि मातीत विळ्यासारखी वाकलेली पांढरी हुमणी. एकीने विचारले, आधी मिळायचे ते दाणेदार फोरेट कुठे मिळेल का? फोरेटवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरी कुणाच्या घरी जुनी पुडी कुठेतरी खोचलेली सापडतेच. ते दाणे आम्ही उघड्या हाताने फेकले आहेत आणि घरी येऊन त्याच हाताने लेकरांना भात भरवला आहे. आता आठवले की अंगावर काटा येतो.

म्हणून आज मातीतच राहणाऱ्या एका जिवाची ओळख करून देतो. तो आहे किडींना मारणारा सूत्रकृमी. सूत्रकृमी म्हटले की वांगी-टमाटरच्या मुळांवर गाठी आणणारा आठवतो. तोही याच घराण्यातला, पण हा वेगळा. लांबी जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही म्हटले तरी चालेल. अळीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासाच्या छिद्रांतून तो आत शिरतो आणि स्वतःच्या पोटात सांभाळलेले जिवाणू तिच्या अंगात सोडतो. बहुतेक अळ्या एक-दोन दिवसांत मरतात. मेलेल्या अळीच्या अंगातच त्याची पिढी वाढते आणि पुढे हजारोंनी मातीत उतरते. ही पिल्ले काही न खाता, अंगातल्या चरबीवर पुढच्या किडीची वाट पाहत राहतात. माणसाला, गाई-म्हशींना, गांडुळांना ती काही करत नाहीत.

ही काही विकत आणलेली परदेशी वस्तू नाही. अंटार्क्टिका सोडून जगातल्या सगळ्या खंडांच्या मातीत हे सूत्रकृमी सापडले आहेत. त्यांची दोन मोठी कुळे, स्टायनरनिमा आणि हेटेरोऱ्हॅब्डायटिस. यातल्या एका जातीचे नावच हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. ती कोइमतूरकडच्या उसाच्या किडीत सापडली आणि १९९२ साली तिची नोंद झाली. आपल्या शेजारी जबलपूरच्या वन संशोधन संस्थेतही सागाच्या किडींसाठी या जिवांचा अभ्यास झाला आहे.

मग आपल्या गोंदियाच्या मातीत ते कुठे असतील? त्यांना ओल लागते, पण हवाही लागते. रोवणीसाठी चिखल करून पाणी भरलेल्या बांधीत हवा राहत नाही, तिथे त्यांचा निभाव लागणे कठीण. चिकट कन्हारीत हालचालीला जागा कमी. उघड्या बरडीवर मे महिन्याच्या उन्हात वरची माती भाजून निघते. उरते काय? तुरीचा धुरा, बोडीचा काठ, आंब्या-करंजाखालची पालापाचोळ्याची माती, वाडीतली रेतीमिश्रित भुसभुशीत जागा. तिथेही ते सरसकट नसतात. एक अळी मेली की सगळे तिथेच बाहेर पडतात, म्हणून एका जागी झुंबड आणि चार हातांवर काहीच नाही, असा प्रकार.

हे कळण्याआधी आम्ही एक चूक केली. वर्गणी काढून याच सूत्रकृमींच्या भुकटीचे पाकीट आणले, टिनाच्या खोलीत उन्हाळाभर ठेवले आणि भर दुपारी कोरड्या मातीत टाकले. जिवंत वस्तू आहे, हे डोक्यातच आले नाही. हुमणी होती तशीच राहिली, पैसे गेले आणि काही दिवस गटात एकमेकींकडे बोट दाखवणे चालले.

या वेळी आधी माती तपासली. उपाय अगदी घरचा आहे. जुन्या तांदळात जाळी करणारी अळी आपण रोज निवडून फेकतो, तीच शास्त्रज्ञही यासाठी वापरतात. आम्ही पाच जागांची वीतभर खोलीची माती घेतली. पाच डब्यांत भरली, मुठीत धरली तर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये एवढी ओली केली. प्रत्येकीत पाच-सहा जिवंत अळ्या सोडल्या. झाकणाला बारीक छिद्रे पाडून डबे सावलीत ठेवले. डब्यांवर जागेची चिठ्ठी लावायला विसरू नका, आमच्या दोन डब्यांची अदलाबदल होता होता राहिली.

पाचव्या दिवशी उघडले. बांधीच्या आणि बरडीच्या डब्यांत अळ्या वळवळत होत्या. वाडीच्या डब्यात एक काळी पडून कुजली होती, तिला घाण वास येत होता. ती साधी सड. धुऱ्याच्या डब्यात एक अळी कडक होऊन पांढऱ्या बुरशीने झाकली होती, ती बुरशीने मेलेली. बोडीकाठच्या डब्यात मात्र तीन अळ्या मऊ, विटेसारख्या लाल, आणि वास नाही. हेटेरोऱ्हॅब्डायटिसने मेलेल्या अळीचा रंग असा असतो. स्टायनरनिमाने मेलेली मातकट पिवळी दिसते.

त्या तिन्ही अळ्या बशीतल्या ओल्या कागदावर ठेवल्या आणि बशी उथळ पाण्याच्या ताटात. दहा-बारा दिवसांनी पाण्यात पांढरे धुके हलताना दिसले. भिंगातून पाहिले तर प्रत्येक ठिपका वळवळत होता. आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "एवढी वर्षं धुणं धुतलं त्या काठावर, अन् हे माहीतच नव्हतं."

कुजलेल्या अळीवर दुसरेही सूत्रकृमी येतात, म्हणून खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. डबा घेऊन आम्ही हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाणार आहोत. तोवर उरलेले पाणी आम्ही संध्याकाळी, ओल्या मातीत, वांग्यांच्या चार ओळींच्या बुडाशी ओतले आहे. चार ओळी मुद्दाम तशाच सोडल्या आहेत, म्हणजे फरक कळेल. ज्यांच्याकडे कोसा आहे त्यांनी हे पाणी येन-अर्जुनाच्या पानांवर शिंपडू नये. कोशाची अळीही शेवटी अळीच.

पुढच्या सभेला प्रत्येकीने आपापल्या वाडीची वाटीभर माती आणावी. तांदळातल्या अळ्या आम्ही आणतो.